काट्यावालीचं ताट

आत्या दुपारच्या जेवणाला येणार होत्या, आणि माईंना स्वयंपाकाची मुळीच काळजी नव्हती. त्यांना काळजी होती धाकट्या सुनेच्या ताटाची. त्या ताटात मऊ भात, उकडलेला भोपळा आणि शेजारी मोठा पेलाभर दूध. गेले पाच आठवडे हेच ताट दोन्ही वेळा वाढलं जात होतं, आणि ते वाढताना माईंचा हात आता जड व्हायला लागला होता.

सुनेची छकुली नऊ आठवड्यांची झाली होती. पहिले दोन आठवडे घर नुसतं तिच्याभोवती फिरत होतं. तिसऱ्या आठवड्यात ती रडायला लागली. दूध प्यायली की पाय पोटाशी घ्यायची, लालबुंद व्हायची आणि तास तास रडायची. मग ज्याला जे सुचलं ते त्याने बंद करायला लावलं. आत्यांनी फोनवरून कोबी आणि फ्लॉवर बंद केला, दुसऱ्या फोनवर डाळी आणि वाटाणे. शेजारणीने अंडी आणि मासे. आईचं दूध आंबटाने फाटेल म्हणून सासऱ्यांनी, अण्णांनी, टोमॅटो आणि संत्री बंद केली. ते डेअरीवाले, त्यांना आंबट म्हटलं की फाटलेलं दूधच दिसायचं. धाकट्याने बायकोचा कांदा-लसूण तोडला. फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला होता, त्यावर पाच जणांनी बंद केलेल्या गोष्टी होत्या. ‘कॉफी’ हा शब्द खुद्द माईंच्या अक्षरातला होता.

आणि कमी केलेल्या प्रत्येक पदार्थाची भरपाई म्हणून दुधाचा पेला वाढत गेला. घरचीच डेअरी, तीन पिढ्यांची. अंगणापलीकडे कॅन धुण्याचा आवाज पहाटेपासून चालू. सकाळी दूध, दुपारी दही, भातावर लोणी, संध्याकाळी पुन्हा दूध. बाळंतिणीला दुधासारखं दुसरं काही नाही, यावर घरात कोणाचंही दुमत नव्हतं.

“माई, जरा आत येता?”

धाकटी न्हाणीघराच्या दारात उभी होती. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण माईंनी हातातला डाव तसाच ठेवला आणि गेल्या. तिने बाळाचं नुकतंच बदललेलं दुपटं उलगडून दाखवलं. हिरवट, शेंबडासारखी शी आणि तिच्यात दोऱ्याएवढी लाल रेघ.

माईंनी भिंतीला हात टेकला. “हे रक्त आहे.”

“हो. चार दिवसांत तिसऱ्यांदा. काल सकाळी मी हिला डॉक्टरबाईंकडे नेऊन आले.”

“एकटी? आणि कोणाला बोलली नाहीस?”

“आधी मला खात्री करून घ्यायची होती. बसा माई, तुम्ही पांढऱ्या पडलात.”

माई स्टुलावर बसल्या. पंचवीस वर्षं सुनांच्या, भाचरांच्या बाळंतपणांत कोणी घाबरलं की धीर देण्याचं काम त्यांचं; आज त्यांनाच धीर दिला जात होता, आणि तोही पाच आठवडे भोपळ्यावर राहिलेल्या बाईकडून. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती. बांगडी मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होती.

ही मुलगी या घरात आली तीच वेगळ्या वाटेने. तिचा धंदा वजनकाटे दुरुस्त करून तपासून देण्याचा, बापाकडून शिकलेला. सात वर्षांपूर्वी डेअरीचा मोठा काटा तपासायला आली आणि अण्णांना तोंडावर म्हणाली, “तुमचा काटा खोटा आहे.” अण्णा खुर्चीवरून उठले होते. मग ती म्हणाली, “खोटा आहे तो तुमच्याच विरुद्ध. प्रत्येक कॅन तुम्ही जास्त धरताय, शेतकऱ्याला पैसे जास्त देताय.” अण्णा परत बसले. ती गोष्ट ते पुढे वर्षभर येईल त्याला सांगत होते, आणि धाकट्याने लग्नाचं नाव काढलं तेव्हा सगळ्यांत आधी होकार त्यांचाच. तेव्हापासून ते तिला काट्यावाली म्हणत. आत्या म्हणाल्या होत्या, “लोक घरात सून आणतात, तुम्ही काटा आणलात.” काट्यावालीने ते ऐकलं होतं आणि मोठ्याने हसली होती.

आता तिने कपाटातून एक वही काढली. रेघा मारून रकाने पाडले होते: मी काय खाल्लं, बाळ किती वाजता प्यायलं, कधी रडलं, किती वेळ, शी कशी.

“बघा. डाळी सोडल्या, फरक नाही. अंडी सोडली, फरक नाही. लसूण सोडला त्या आठवड्यात तर जास्तच रडली. आणि हे इथे, चौथ्या आठवड्यात मला ताप होता. चार दिवस दूध नकोसं झालं होतं, नुसता भात आणि पाणी. पाचव्या दिवशी ती दुपारभर झोपली, आठवतं? तुम्ही म्हणालात, अण्णांनी आणलेल्या खुळखुळ्याचा गुण आला.”

माईंना आठवलं. त्यांनी खुळखुळ्याला श्रेय दिलं होतं खरं.

“मग ताप उतरला आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून मला दूध वाढवलं. त्यानंतर गालावरचं हे पुरळ, आणि आता हे.” ती थांबली. “माझ्या ताटातून सगळं काढून झालंय, माई. उरलंय ते एकच.”

माईंनी अंगणाकडे पाहिलं. कॅन एकावर एक रचले होते, उन्हात चकाकत होते.

“डॉक्टरबाई काय म्हणाल्या?”

“त्यांनी वही वाचली आणि म्हणाल्या, मी विचारणार होते ते तुम्ही लिहूनच आणलंय. आज मी जेवताना सांगणार आहे. तुम्ही माझ्या बाजूने बोला असं मी म्हणत नाही. फक्त माझं बोलणं मध्येच तोडू देऊ नका.”

माईंनी मान हलवली. बाळ त्यांच्या खांद्यावर आलं, कुरकुरलं, आणि त्या त्याची पाठ थोपटायला लागल्या.

*

आत्या म्हणजे अण्णांची मोठी बहीण. मुलींच्या वसतिगृहात तीस वर्षं मेट्रन होत्या. दोनशे मुलींना काय खायचं, किती खायचं आणि कधी खायचं हे सांगत आयुष्य गेलं. ती सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती. टेबलाच्या एका टोकाला त्या बसल्या, दुसऱ्या टोकाला अण्णा. मधे थोरला, जो आता डेअरीचा कारभार बघायचा. शेजारी थोरली सून, प्राथमिक शाळेतली बाई. समोर धाकटा, टँकरच्या फेरीवरून नुकताच येऊन हात धुतलेला, आणि काट्यावाली.

आत्यांनी तिचं ताट न्याहाळलं. “शाबास. पथ्य पाळावं तर असं. नाहीतर आजकालच्या मुली.” आतल्या खोलीतून रडं आलं. काट्यावाली उठली, बाळाला घेऊन आली आणि उभ्यानेच डोलवायला लागली. आत्यांच्या भुवया वर गेल्या. “अजून रडते? मग तू चोरून काहीतरी खात असशील.”

“चोरून खाल्लं असतं तर निदान पोट तरी भरलं असतं, आत्या.”

धाकट्याला हसू आलं, पण आत्यांकडे पाहून त्याने ते भाताबरोबर गिळलं.

“मला एक सांगायचंय,” काट्यावाली म्हणाली. “उद्यापासून दूध बंद करायचं आहे.”

“अंगावरचं ना?” आत्या म्हणाल्या. “मी तेच सांगायला आले होते. तुझं दूध तिला मानवत नाही, सरळ आहे. आपल्या गाईचं दूध पातळ करून सुरू करा. घरात दुधाची नदी वाहते आणि पोर उपाशी रडते, याला काय म्हणावं?”

“अंगावरचं चालूच राहील. मी पिते ते बंद करायचं. दूध, दही, लोणी, चीज, सगळं.”

कोणाचा तरी चमचा ताटावर वाजला. अण्णांनी घास खाली ठेवला. ते चिडले की ओरडत नसत, आवाज उलट खाली यायचा. “आमच्या दुधात काय दोष आहे?”

“दुधात काहीच दोष नाही, अण्णा.” तिने चार दिवसांत तीनदा काय पाहिलं ते सांगितलं, डॉक्टरबाईंनी काय तपासलं ते सांगितलं. टेबलावर रक्ताचं नाव निघाल्यावर धाकटा ताडकन उठला आणि बाळ तिच्या हातातून आपल्याकडे घेतलं. “त्या म्हणाल्या, कोबीने वायू होतो तो माझ्या आतड्यात. तो दुधात उतरत नाही. डाळींचंही तसंच. बहुतेक बाळं या वयात रडतात, आई काहीही खावो, आणि तीन-चार महिन्यांनी आपोआप थांबतात. पण रक्त, पुरळ आणि हे असं शेंबडासारखं दिसलं की वेगळा विचार करावा लागतो. गाईच्या दुधातली प्रथिनं थोडी माझ्या दुधातून जातात. शंभरातल्या एखाद-दुसऱ्या बाळाला ती सोसत नाहीत.”

“आणि ते बाळ नेमकं आमच्याच घरात जन्माला यायचं,” थोरला म्हणाला. तो वाईट नव्हता, पण त्याला आधी डेअरी दिसायची, मग घर. “बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील? डेअरीवाल्यांच्या नातीला दूध बाधतं? उद्या गिऱ्हाईक विचारेल.”

“गिऱ्हाइकाला मी उत्तर देईन,” काट्यावाली म्हणाली.

“तू कशाला, मीच सांगते ना,” आत्या म्हणाल्या. “हे सगळं नवं खूळ आहे. तीस वर्षं दोनशे मुली सांभाळल्या मी. पथ्य करायचं म्हणजे जड काढायचं, दूध काढायचं नाही. बाळंतीण दुधावर उभी राहते. आमच्या आईने हेच केलं, मी हेच सांगितलं, आणि या घरातली पोरं वाढलीच ना? थोरलीलाच विचार. तिने माझं ऐकलं, तिची दोन्ही पोरं कशी शांत होती.”

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. थोरली सून या घरात सतरा वर्षं होती आणि सतरा वर्षांत तिने आत्यांचा एक शब्द खाली पडू दिला नव्हता. दोन जावांचं तसं फारसं सूत जुळत नव्हतं. तिने पाण्याचा घोट घेतला, पेला ठेवला, पदराचं टोक नीट केलं.

“आत्या, मी तुमचं ऐकलं नव्हतं.”

“म्हणजे?”

“दोन्ही वेळा. मी दीड महिन्यात शाळेत रुजू झाले ना, तिथे मधल्या सुट्टीत स्वयंपाकीणबाई मला ताट भरून द्यायची. वाटाणे, कोबी, मसुराची आमटी, झणझणीत. मी रोज जेवायचे. घरी येऊन भोपळा खायचे, तुमच्या समाधानासाठी.” तिचे कान लाल झाले होते. “पोरं तरीही शांतच होती.”

एवढं ऐकून धाकटा मात्र आता उघड हसला. काट्यावाली जावेकडे बघत राहिली, जणू एखादं कुलूप लावलेलं दार समोरून कोणीतरी उघडलं होतं.

“सतरा वर्षं खोटं बोललीस,” आत्या म्हणाल्या.

“बोलले नाही. कोणी विचारलंच नव्हतं.”

आत्यांनी मोर्चा वळवला. “तिला धडधाकट पोरं होती, तिचं सोड. पण जिचं पोर रडतं तिने ऐकायलाच हवं. माईचंच बघा ना. हा थोरला कसला रडायचा. आम्ही एकेक काढत गेलो, आणि शेवटी कळलं काय? डेअरीची सून आणि हिलाच दूध नाही.” त्या हसल्या. ही गोष्ट त्या प्रत्येक जेवणात सांगत, आणि प्रत्येक वेळी सगळे हसत, माईसुद्धा. “बाटली लावली आणि पोर गप्प.”

या वेळी माई हसल्या नाहीत.

त्यांना ती कॅन धुण्याची शेड दिसत होती. तेव्हा पत्र्याची होती. त्या एकवीस वर्षांच्या, थोरला दोन महिन्यांचा, आणि ताटात भात आणि दूध. त्या शेडमध्ये उभ्या उभ्या एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली होती आणि एका कामगाराच्या डब्यातला भाकरीचा तुकडा त्यांनी चोरला होता. होय, चोरला होता. डेअरीच्या मालकाच्या सुनेने.

“वन्सं,” माई म्हणाल्या, “मला दूध येत होतं.”

“आता कशाला ते...”

“मला बोलू द्या. मला दूध येत होतं. मला भूक लागत होती. तुम्ही आणि सासूबाई एकेक काढत गेलात, आणि मी काढू दिलं, कारण पोर रडत होतं आणि मला वाटायचं माझ्याच पोटातलं काहीतरी वाईट याच्यात उतरतंय. तिसऱ्या महिन्यात माझं अंग सुकलं तसं दूधही सुकलं. बाटली लावली तेव्हा तो चौथ्या महिन्यात होता. तो तसाही थांबणार होता. आत्ता हिने सांगितलं ना, तीन-चार महिन्यांनी थांबतात म्हणून. हे ऐकायला मला पंचेचाळीस वर्षं लागली.”

थोरल्याने आईकडे असं पाहिलं जसं त्याने तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

“आई, तू कधी बोलली नाहीस.”

“काय बोलायचं? तुझ्यामुळे उपाशी राहिले असं? तुझ्यामुळे नव्हतेच.” माईंनी धाकटीच्या ताटाकडे बोट दाखवलं. “आणि हे ताट पाच आठवडे मी वाढलंय. माझ्या हाताने. हिने हूं की चूं केलं नाही. मी नुसती रडले होते. ही लिहीत बसली. पोर मांडीवर, एक हात पोराच्या पाठीवर, दुसऱ्या हाताने रकाने. उपाशीपोटी. मला जे जमलं नाही ते तिने केलंय, आणि आपण तिला विचारतोय की गिऱ्हाईक काय म्हणेल.”

आत्या काहीतरी बोलायला गेल्या, पण अण्णांनी हात वर केला.

“वही आण,” ते काट्यावालीला म्हणाले.

चष्मा लावून त्यांनी पानं उलटली. सगळं जेवण थंड होत होतं. कोणी जेवत नव्हतं. तापाच्या चार दिवसांवर त्यांचं बोट थांबलं, पुढे सरकलं, परत मागे आलं.

“ताई,” ते बहिणीला म्हणाले, पण डोळे वहीतच होते, “आपली ती वाकड्या शिंगांची गाय कुंपण मोडून रानकांदा खायची, आठवतं? संध्याकाळच्या दुधाला वास यायचा. बाबा एक घोट घ्यायचे आणि सांगायचे, ही आज कुठे चरली. गाय खाते ते दुधात उतरतं हे मला वयाच्या सहाव्या वर्षापासून ठाऊक आहे. रोज सकाळी मी त्यावरच पोट भरतो.” त्यांनी वही मिटली. “मग माझ्या सुनेच्या बाबतीत मी ते मानणार नाही असं कसं म्हणू?”

“म्हणजे बंद?” आत्या म्हणाल्या.

“डॉक्टरबाईंनी किती दिवस सांगितलेत?”

“तीन आठवडे,” काट्यावाली म्हणाली. “आणि बाकीचं सगळं परत सुरू. कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायच्या. तीन आठवड्यांनी पुन्हा बघायचं.”

माई उठल्या. तिच्यापुढचं ताट उचलून नेलं आणि दुसरं घेऊन आल्या. डाळ, कोबी, तळलेला मासा, कांदा. लोण्याचा हात न लागलेलं सगळं. काट्यावालीने पहिला घास घेतला, मग दुसरा, मग मान खाली घालून खात राहिली. धाकटा बाळाला घेऊन तिच्या खुर्चीमागे उभा होता, आणि त्याने आपलं नाक बाळाच्या टाळूत खुपसलं होतं.

*

डेअरीच्या घरातून दूध बाहेर काढणं म्हणजे काय, हे माईंना दुसऱ्या दिवशी कळलं. पावावर दुधाचा हात होता. बिस्किटांत दुधाची भुकटी होती. सूपच्या पाकिटातही भुकटी, आणि तीही त्यांच्याच डेअरीतून गेलेली. थोरली शाळेतून येताना दुकानात उभी राहून पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचायची आणि एक पिशवी भरून आणायची. दोन जावा ओट्याशी उभ्या राहून बोलायला लागल्या. माई ऐकायच्या, बोलणं बहुतेक वेळा आत्यांवर असायचं, आणि हसणं दबलेलं.

पहिले पाच दिवस काहीच झालं नाही. छकुली रडत होती, रेघ दिसत होती. आत्यांचा रोज फोन. “काय, थांबलं का?” माई म्हणायच्या, “वेळ लागतो.” काट्यावाली मात्र रकाने भरत राहिली. “लगेच होणार नाही असं त्यांनी सांगितलंय,” एवढंच म्हणायची. एकदा मात्र माईंनी तिला दुपट्यांच्या ढिगाशी बसून डोळे पुसताना पाहिलं. त्यांनी शेजारी बसून अर्धी दुपटी घडी करून दिली.

नवव्या दिवशी छकुली दूध प्यायली आणि झोपली. पाय पोटाशी न घेता, हात सैल सोडून. सगळं घर तिच्याभोवती चवड्यांवर चालत होतं. बाराव्या दिवसापासून रेघ दिसली नाही. गालावरचं पुरळ विरलं. तिसऱ्या आठवड्यात ती पहिल्यांदा खळखळून हसली, तेही थोरल्याकडे बघून. तो त्या दिवशी डेअरीत तासभर उशिरा गेला. काट्यावालीच्या गळ्याची हाडं झाकली जायला लागली होती.

मग ती डॉक्टरबाईंकडे जाऊन आली आणि म्हणाली, “आता पुन्हा दूध प्यायचं.”

या वेळी सगळं घर तिच्यावर उठलं. धाकटा म्हणाला, “वेडी आहेस का? आत्ता कुठे झोपायला लागली.” थोरली म्हणाली, “राहू दे ना गं, कळलं ना सगळं.” आत्या स्वतः आल्या होत्या, त्या तर म्हणाल्या, “गप्प झालंय लेकरू, कशाला उगीच विस्तव हलवायचा?”

“कळलेलं नाही,” काट्यावाली म्हणाली. “ती आता तीन महिन्यांची झाली. कदाचित आपोआप थांबली असेल, वय झालं म्हणून. मग मी वर्षभर उगीच दूध सोडीन, आणि पुढे तिलाही उगीच तोडीन. वजन ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं तरच काटा खरा की खोटा ते कळतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, लक्ष ठेवा, काही दिसलं की लगेच थांबा. मी थांबेन.”

माई बाळाकडे बघत होत्या. हो म्हणवत नव्हतं, आणि नाही म्हणायला जीभ उचलत नव्हती, कारण मुलगी बरोबर बोलत होती. आत्या तिच्याकडे पाहत होत्या. त्या नजरेत राग नव्हता. वसतिगृहात एखादी मुलगी पहिली आली की त्या अशा बघत असतील, असं माईंना वाटलं.

पेला अण्णांनी स्वतः भरून आणला. सकाळच्या पहिल्या धारेचं, गाळून, कोमट करून. त्यांनी तो तिच्यापुढे ठेवला आणि उभे राहिले.

“मला वाटतं काही होऊ नये,” ते म्हणाले. “पण झालं तर बोल. लपवू नकोस माझ्यासाठी.”

“नाही लपवणार.”

ती प्यायली. त्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि अण्णा डेअरीत गुणगुणत फिरत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी छकुली किंचाळली, पाय पोटाशी गेले, आणि दुपट्यावर रेघ होती.

काट्यावालीने अण्णांना बोलावून ती दाखवली. अण्णा खाटेच्या काठावर बसले. पन्नास वर्षं रोज सकाळी याच दुधाचा पहिला घोट घेऊन ते दिवस सुरू करायचे.

“कायमचं?” त्यांनी विचारलं.

“नाही. बहुतेक मुलांना वर्ष-दीड वर्षात सोसायला लागतं. मग आपण डॉक्टरबाईंना विचारून थेंबाथेंबाने बघू.”

“मग थांबतो,” अण्णा म्हणाले. त्यांनी छकुलीच्या तळपायाला बोट लावलं. “तू सांगशील तेव्हा. तोवर तिच्यासमोर कॅन वाजवायचा नाही असं सांगतो सगळ्यांना, उगीच ओढ लागायची.” हे सांगताना ते हसले, आणि तीही.

काट्यावालीचं दूध पुन्हा बंद झालं, आणि आठवड्याभरात छकुली पुन्हा शांत झाली.

*

पॅकिंगच्या खोलीत काम करणारी एक मुलगी, पहिलटकरीण, बाळंतपणाच्या सुट्टीवर होती. ती एका दुपारी पाच आठवड्यांचं बाळ छातीशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. चेहरा उतरलेला, ओठ कोरडे. टेबलावर माई आणि आत्या वाटाणे सोलत होत्या. काट्यावाली एक लहान तराजू मोडून त्याचे भाग फडक्यावर मांडून बसली होती.

“कामावरच्या बायकांकडून तुमच्या बाळाचं कळलं,” मुलगी म्हणाली. “हा संध्याकाळी फार रडतो. मी काय बंद करू ते विचारायला आलेय. दूध मी कालपासूनच सोडलं. डाळ आधीच सोडली होती. घरचे म्हणतात आता अंडंही सोड.”

काट्यावालीने हात पुसले आणि उठून बाळाजवळ गेली. “रक्त दिसतं का? शीमध्ये?”

“नाही.”

“पुरळ? उलट्या? वजन वाढतंय?”

“पुरळ नाही. थोडं ओकतो, सगळेच ओकतात तेवढं. वजन वाढतंय म्हणाले दवाखान्यात.”

काट्यावालीने बाळाचे गाल पाहिले, मांड्यांच्या वळ्या पाहिल्या. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. “एकदा डॉक्टरबाईंना दाखव, मी येते तुझ्याबरोबर. त्या वेगळं सांगतील तर तसं करू. पण तोवर ताटातलं काही काढू नकोस. दूधसुद्धा नाही. माझ्या मुलीचं वेगळं होतं. हा रडतोय, कारण हा पाच आठवड्यांचा आहे.”

“मग मी काय करू?”

काट्यावालीने माईंकडे पाहिलं. पण माईंच्या आधी आत्याच उठल्या होत्या. त्यांनी भिंतीशी असलेली खुर्ची ओढून टेबलाशी आणली, तिच्यावरचं फडकं झटकलं, आणि मुलीच्या हातातून बाळ घेतलं. मेट्रनच्या सवयीने त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत एकदा पाहून घेतलं.

“सकाळपासून काय खाल्लंस?”

“चहा,” मुलगी म्हणाली.

“बैस,” आत्या म्हणाल्या. “आधी जेव.”